नेचा आणि कमान

चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवून तिने 'बदल जतन करा' दाबलं, आणि बदल जतन होण्याऐवजी लाल चौकट आली. 'नेचा' हे सदस्यखातं बंद करण्यात आलं आहे. कारण, हे खातं स्वतंत्र व्यक्तीचं नसून 'कमान' या खात्यामागच्याच व्यक्तीने उघडलेलं बाहुलं आहे. बाहुलं. शब्द तसा गोड होता, लहान मुलीच्या हातात द्यावा असा. नेचा म्हणजे ती स्वतः. ओलसर भिंतींवर, जिन्याच्या कोपऱ्यात, कुणी न लावता उगवणाऱ्या आणि कधीच न फुलणाऱ्या नेच्यांवर ती गेली कित्येक वर्षं या सगळ्यांनी मिळून लिहायच्या ज्ञानकोशात लिहीत होती. खातं उघडताना दुसरं नाव सुचलं नव्हतं. कमान म्हणजे तिचा नवरा. तो पुलांवर लिहायचा. पूल बांधायचं काम निवृत्तीबरोबर संपलं होतं. आत्ता तो न्हाणीघरात होता आणि नळाच्या वर आवाज चढवून विचारत होता, "अगं, माझा टॉवेल?" टॉवेल दारामागे होता, रोज असतो तिथेच. "दारामागे," ती म्हणाली, आणि तिने चौकट पुन्हा पहिल्यापासून वाचली. या खेपेला त्यात काही वेगळं लिहिलेलं असेल अशी तिला उगाच आशा वाटली. नव्हतं. चहावर साय धरली होती.

दवाखान्यापर्यंतचा रस्ता ती एरवी भिंती बघत जायची. आज भिंती दिसल्याच नाहीत. चूक झाली असणार, हे तिला कळत होतं; इतकी वर्षं तिथे वावरून अशा चुका कशा होतात हेही ठाऊक होतं. एकाच घरातली, एकाच इंटरनेटच्या तारेवरची दोन खाती, कुठल्यातरी वादात दोघांनी एकाच बाजूने मत दिलं, कुणाला तरी वास आला, कुणीतरी चौकशी मागितली. बाहेरच्या माणसाला बंद दाराआड किती माणसं आहेत हे कसं कळणार? एवढं सगळं समजून घेऊनही खोटं बोलताना पकडलं गेल्यासारखं वाटत होतं, आणि ती तर बोललीच नव्हती. शिवाय एक बारीकशी गोष्ट टोचत होती, आणि ती कुणाला सांगितली असती तर हसलेच असते. बाहुलं नेच्यालाच का म्हणावं? खातं तिचं आधीचं होतं. नवरा नंतर आला, तिच्या खांद्यावरून बघत बघत. "हे कुणीही लिहू शकतं?" असं विचारत खुर्ची ओढून बसला, आणि महिन्याभरात तिला शिकवायला लागला.

दवाखान्यात तिचं काम कानांची तपासणी करण्याचं. भिंतींना फोम लावलेली एक लहानशी खोली होती, बाहेरचा आवाज आत न येणारी. रोगी आत, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या अलीकडे ती. ती आवाज हळूहळू बारीक करत नेते, आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. माणसं ऐकू न येताही बटण दाबतात. लबाडी नसते त्यात. आत्ता काहीतरी वाजलं असणार, असं त्यांना वाटतं. आज पहिलीच एक बाई आली, सोबत यजमान. "काय त्रास होतो तुम्हाला?" असं तिने बाईंना विचारलं आणि यजमान म्हणाले, "हिच्या उजव्या कानात शिट्टी वाजते." "कधीपासून?" "थंडीपासून," यजमानच. "त्यांना सांगू द्या ना," ती म्हणाली. हे वाक्य ती रोज कुणाला ना कुणाला म्हणायची, आणि म्हणताना तिला मनातून थोडं बरंही वाटायचं. बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाल्या, "हो, तेच म्हणतात तसं. शिट्टी." एरवी ती यावर मनातल्या मनात हसली असती.

दुपारी डबा उघडायच्या आधी तिने मोबाइलवर चौकशीचं पान काढलं. खातं बंद झालेल्या माणसालाही वाचायला बंदी नसते, आणि स्वतःच्या चर्चापानावर लिहिता येतं. तेवढी एक खिडकी उघडी ठेवतात. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथल्या मदतकक्षात तिनेच हे किती जणांना सांगितलं होतं. कुणाचं छायाचित्र चढायचं नाही, कुणी आजोबांवर लिहिलेलं पान कुणीतरी उडवायचं, कुणी रागारागाने एकच ओळ वीस वेळा घालून खातं बंद करून घ्यायचं, आणि मग रडकुंडीला येऊन विचारायचं की माझं काय चुकलं. ती प्रत्येकाला शांतपणे समजावायची. सुरुवात ठरलेली: 'गोंधळून जाऊ नका.' घरी कुणाला ती एवढं सलग काही समजावायला गेली असती तर मध्येच कुणीतरी वाक्य पुरं केलं असतं. तिथे तिचं म्हणणं शेवटच्या पूर्णविरामापर्यंत जायचं. म्हणून तिला ती जागा आवडायची, हे तिला आज पहिल्यांदा नीट कळलं, आणि फार वाईट वाटलं.

चौकशी करणाऱ्याचं नाव होतं 'मुंगी'. पुरुष की बाई, म्हातारं की तरुण, कुणास ठाऊक. मदतकक्षात तिने आणि मुंगीने शेजारी शेजारी पुष्कळ वर्षं उत्तरं दिली होती. मुंगीने काम चोख केलं होतं. दोन्ही खात्यांतली वाक्यं समोरासमोर मांडली होती. 'दोघांची लिहायची लकब एकच आहे,' असं खाली म्हटलं होतं. 'एखादी गोष्ट काय आहे हे सांगण्याआधी ती काय नाही, हे दोघंही सांगतात.' आणि उदाहरणं. नेचा: 'ही वनस्पती परजीवी नाही, ती झाडाचा फक्त आधार घेते.' कमान: 'हा पूल सजावटीसाठी नाही, तो ओझं वाटून घेतो.' ती वाचत गेली आणि कानशिलं तापत गेली. ही लकब तिची होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत नवरा तिच्या याच बोलण्याला हसायचा. "तुला पाणी हवं का विचारलं की तू म्हणतेस, तहान नाही, पण घसा कोरडा आहे," असं मित्रांना सांगून हसवायचा. मग हसणं कधी थांबलं आणि त्याच्या तोंडी ते कधी बसलं, कुणी पाहिलं? आता ते त्याचं होतं, आणि ती त्याची नक्कल ठरली होती. हे सिद्ध करायला तिच्याकडे काहीही नव्हतं. जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्याला संदर्भ कुठून आणायचा?

शेवटी ते मत होतं, ज्यावरून सगळं सुरू झालं. नवऱ्याने लिहिलेलं ओढ्यावरच्या पादचारी पुलाचं पान वगळावं, असं कुणीतरी सुचवलं होतं. एवढ्याशा पुलाला ज्ञानकोशात जागा कशाला, असं म्हणणं. त्या चर्चेत नेचाच्या नावाने लिहिलेलं होतं: 'ठेवा. हा केवळ येण्याजाण्याचा पूल नाही. काठावरचं जुनं झाड वाचवण्यासाठी त्याला मध्ये वळण देण्याची रचनाकाराची कल्पना अजोड आहे.' तिने ते पुन्हा वाचलं. आपण हे लिहिल्याचं तिला आठवेना. आधी तिला वाटलं, लिहिलं असेल. हल्ली विसरायला होतं. मग 'झाड' या शब्दापाशी ती थांबली. हा पूल नवऱ्यानेच आखलेला; तेव्हा तो जमिनीवर नकाशा पसरून बसलेला, मुलगी पाळण्यात, आणि ती गुडघ्यावर बसून त्या नकाशातल्या एका काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली होती, "हे पाडू नका. पूल सरळच हवा असं कुठंय? जरा वळू द्या की." तो तिच्या बोटाकडे कितीतरी वेळ बघत राहिला होता. रचनाकाराची कल्पना अजोड आहे. तिच्याच नावाने, तिच्याच लकबीत, तिने हे त्याला बहाल केलं होतं. डबा तसाच राहिला. मदत मागायची म्हणून तिने एवढंच लिहिलं, 'हे खातं माझं आहे आणि मी स्वतंत्र व्यक्ती आहे. हे कसं सिद्ध करावं, कृपया सांगा,' आणि पुढच्या रोग्याला आत घेतलं.

संध्याकाळी उत्तर आलेलं होतं. 'गोंधळून जाऊ नका,' मुंगीने सुरुवात केली होती. तिचंच वाक्य, आता मदतकक्षात सगळेच ते वापरत. 'प्रश्न एकच आहे. तुमचं खातं दुसऱ्या कुणी वापरलं होतं का? "नाही" म्हणालात तर दोन्ही खाती एकाच माणसाची धरावी लागतील. मूळ खातं कमान आठवड्याभरात सुटेल, नेचा कायमचं बंद राहील. "हो" म्हणालात आणि ते पटलं, तर नेचा सुटेल. पण ज्याने वापरलं, त्याला पुन्हा इथे येता येणार नाही.' तिने हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो चष्मा पुसत ऐकत होता.

"हां, ते मीच टाकलं असेल," तो म्हणाला. "तुझं उघडंच होतं ना. दोन ओळी तर लिहिल्या. तू तरी काय वेगळं म्हणाली असतीस?"

"मला विचारायचं तरी."

"तू झोपली होतीस दुपारची. आणि हे बघ, तुझं-माझं असं कधी केलंय का आपण?"

केलं नव्हतं. हे तो इतक्या मायेने म्हणाला की तिला रागवायला जागाच राहिली नाही. तिने विचारलं, "त्यात झाडाचं लिहिलंय. ते मी सांगितलं होतं तुम्हाला."

"कुठलं झाड?"

तो वेड पांघरत नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खरंच आठवत नव्हतं त्याला. "असेल, असेल," तो घाईने म्हणाला. "दोघंच तर असायचो तेव्हा घरात. कुणालातरी सुचलं." पुलाच्या उद्घाटनाला कुणीतरी त्या वळणाचं कौतुक केलं आणि नवरा म्हणाला, "सुचत गेलं," तेव्हा ती शेजारीच उभी होती. नवी साडी, कडेवर मुलगी. हसली होती. ते हसू तिला आज नकोसं झालं. एक वाक्य बोलायचं होतं, फार तर अर्धं. त्याला वाईट वाटलं नसतं, उलट त्याने चार लोकांत मिरवलं असतं की कल्पना हिची. तेव्हा तो तसा होता. आपणच त्याला तसं राहू दिलं नाही, आयतं देत गेलो, असं तिला वाटलं, आणि तो विचार सगळ्यात जास्त झोंबला.

"तुम्ही लिहा ना त्यांना," ती म्हणाली. "की मी केलं, हिचा काही संबंध नाही."

त्याने चष्मा घातला, परत काढला. "मी लिहिलं तर माझं जाईल गं. पुलाचं पान तिकडे टांगणीला लागलंय. त्याच्या बाजूने बोलायला मीच नसलो तर उद्या उडवतील. दुसरं काय आहे माझं तिथे? तुझे नेचे कुणी उपटत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाकी तुला योग्य वाटेल ते कर. तू समजूतदार आहेस." त्याचा हात टेबलावर होता आणि बोटं थरथरत होती. निवृत्तीनंतर हल्ली ती थरथरायची. जेवणं झाली. मुलीचा फोन आला, ती दुसऱ्या शहरात असते. बापाने सगळा किस्सा रंगवून सांगितला आणि ती तिकडून खो खो हसली. "आई, अगं त्यांनी बरोबर पकडलंय तुम्हाला! लहानपणी बाबांना काही विचारलं की तुझं उत्तर यायचं, आणि तुला विचारलं की तू म्हणायचीस, बाबांना विचार." नवराही हसला. तीही हसली, बटण दाबल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नवरा खाली वाण्याकडे गेला तेव्हा ती टेबलापाशी बसली. 'नाही' लिहिणं सोपं होतं. एका शब्दाचं काम, घरात शांतता, त्याचा पूल त्याच्यापाशी. नेचे काय, दुसरं नाव घेऊन पुन्हा लिहिता आले असते. पण दुसरं नाव घेणं हेच तर बाहुल्याचं लक्षण, तिथे ते चालत नाही, आणि तिला चोरून राहायचं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांना उत्तरं दिली ती माणसं तिला नेचा म्हणून ओळखत. कुणी तिला कधी विचारलं नव्हतं की तुमचे यजमान काय करतात. दवाखान्यात, सोसायटीत, नातेवाइकांत ती कुणाची तरी कोण होती. तिथे ती फक्त ती होती, आणि तिथेच आता लिहिलेलं होतं की ही कुणी नाही. तिला त्याची थरथरणारी बोटं आठवली. तिच्या आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकड्यावर पाय दुमडून झोपणारा तो आठवला, डॉक्टरांशी, बँकेत, घरमालकाशी तिच्या वतीने बोलणारा. बोलणं तिला जड जायचं, म्हणून तिनेच ते काम त्याच्यावर टाकलं होतं आणि स्वतः मागे सुखात उभी राहिली होती. त्याने काही हिसकावलं नव्हतं. हे सगळं खरं होतं आणि तरीही ते झाड तिचं होतं. तिने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. इतकं उघड स्वतःबद्दल तिने कधी कुठे लिहिलं नव्हतं.

'मी कमान नाही. मी त्यांची पत्नी आहे. हो, माझं खातं दुसऱ्याने वापरलं. ते मत माझ्या नवऱ्याने माझ्या नावाने लिहिलं. मी ते वाचलंही नव्हतं. नेच्यांवरची सगळी पानं माझी आहेत. लिहायची लकब एक आहे, कारण ती माझी आहे आणि त्यांनी ती माझ्याकडून घेतली. याला संदर्भ नाही. पुलाला वळण द्यायचं मी सुचवलं होतं. त्यालाही संदर्भ नाही. मला त्यांचं वाईट करायचं नाही, पण मी आहे एवढं तरी तिथे राहू द्या.'

तिने पाठवलं. जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली. आत आल्यावर त्याने पिशवी खाली ठेवली, तिचा चेहरा पाहिला आणि समजला. "लिहिलंस?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. "हो म्हणून?" तिने पुन्हा मान हलवली. तो स्वयंपाकघरात गेला, एक एक वस्तू काढून कट्ट्यावर ठेवू लागला, आणि प्रत्येक वस्तू जपून, आवाज न करता ठेवत होता. तिला वाटलं, जाऊन सांगावं की मागे घेते. मागे घेता येत नव्हतं. तिथे लिहिलेलं खोडलं तरी इतिहासात राहतं. मग तो तिथूनच म्हणाला, "बरं केलंस. खरं तेच लिहिलंस." आवाज घोगरा होता. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात भर घातली नव्हती. आणि तिच्या मनात एक वेडी आशा आली, की यातूनही निभावेल. ती तिथे राहील, तो इथे, तिच्या शेजारी खुर्ची ओढून, पुलांचं काय लिहायचं ते तिला सांगेल आणि ती विचारेल, हे तुम्हाला कुठून कळलं, संदर्भ द्या. दोघं भांडतील. बरं होईल ते.

तासाभरात मुंगीचं उत्तर आलं. 'विनंती नामंजूर. बायकोने केलं, नवऱ्याने केलं, धाकट्या भावाने केलं, हे आम्ही इथे रोज ऐकतो. तुमच्या अर्जाचं पहिलंच वाक्य बघा: कोण आहात याआधी कोण नाही, हे सांगितलंत. लकब तीच आहे. पुलाला वळण देण्याचं श्रेयही तुम्ही इथे स्वतःकडे घेतलंत. पुलाच्या पानाशी तुमचा हितसंबंध आहे, हे त्यातून उघड होतं. नेचा कायमचं बंद. खोटी सबब दिल्यामुळे कमानही कायमचं बंद. कमान साहेब, तुमचं काम चांगलं होतं, म्हणून मनापासून सांगणं आहे: यापुढे कुठेही गेलात तरी जे बोलायचं ते स्वतः बोला. बायकोला मध्ये आणू नका.'

तिने ते दोनदा वाचलं. आत नळ बंद झाला.

"आलं का काही?" नवऱ्याने विचारलं. तो हात पुसत दारात येऊन उभा राहिला होता, लांबच, जवळ यावं की नाही अशा बेताने.

"आलंय," ती म्हणाली आणि त्याला बसता यावं म्हणून खुर्चीवरून उठली. "तुम्हाला आहे."